आधी घर, मग हजबंड

चिंचवड, २५ नोव्हेंबर १९७४

तीर्थस्वरूप अण्णांस, जावई हरिहरचा साष्टांग नमस्कार.

मोतीबिंदूची पट्टी अजून निघाली नसेल, तेव्हा हे पत्र नीलिमाच वाचून दाखवत असणार. (तिचा आवाज रोज तुमच्या वाट्याला येतो याबद्दल माझी तक्रार नाही. थोडी आहे.)

दिवाळीत तिला न्यायला आलो, तेव्हा "हजबंड या जुन्या इंग्रजी शब्दाचा अर्थ आधी बघा," असं सुनावून तुम्ही मला एकट्यालाच परत धाडलंत. लग्नात तुम्हीच दिलेली डिक्शनरी उघडून बघितला. (निवृत्त झालात तरी इंग्रजीचे मास्तर ते मास्तरच!) हूस म्हणजे घर, बोंडी म्हणजे त्यात राहणारा, उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांनी हा शब्द इंग्लंडात नेला. मूळ अर्थ घरधनी. शेत कसणारा, काटकसरीने संसार चालवणारा, असेही अर्थ आहेत. बायकोचा संबंध मात्र बऱ्याच उशिरा जुळला. मी कंपनीतल्या तिघांबरोबर एका खोलीत, दाराशी वळकटी टाकून राहतो. म्हणजे डिक्शनरीप्रमाणे मी तुमचा कोणीच लागत नाही. पटलं.

म्हणून घर शोधलं. पिंपरी गावात भागूबाईंची खोली रिकामी आहे. पूर्वेला खिडकी, दारात शेवगा. पण भागूबाई बिऱ्हाडालाच जागा देतात, सडाफटिंग माणसाला नाही. मी लग्नाचा फोटो दाखवला. म्हणाल्या, "फोटू चूल पेटवितो व्हय? बाई आणा, मग चावी न्या." मी डिक्शनरीतला क्रम समजावून सांगितला. (सांगायला नको होता.) "तुमच्या सासऱ्याला म्हनावं, बाई आल्याबिगर आमी त्याला घर म्हनत न्हाई." तुम्ही घराशिवाय मुलगी देत नाही, भागूबाई मुलीशिवाय घर देत नाहीत. कामावर जाताना मी मुद्दाम त्या खिडकीवरून सायकल काढतो. फार आठवण येते, अण्णा. तुमची.

आपला,
हरिहर

ता. क. भागूबाईंनी खोली येत्या रविवारपर्यंत राखली आहे. नीलिमाला दुपारच्या एसटीने पाठवावं.

ता. क. दुसरा: नीलिमा, हे मोठ्याने वाचू नकोस, खोकला आल्यासारखं कर. मला अजिबात करमत नाही. पोळपाट आणून ठेवलाय. अण्णा नाही म्हणाले तरी ये.

ता. क. तिसरा: अण्णा, पट्टी निघाली असेल आणि वरचं तुम्हीच वाचलं असेल, तर तिला पोचवायला तुम्हीच या. चष्मा लावून बघा, घरात राहणारा माणूस दिसतो का ते.