चार समित्या आणि एक संगणक

घाटंजी,
मंगळवार

चि. सदाशिव यास,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. (लोक तुला आता सदाशिवराव म्हणतात. मी म्हणणार नाही.) तुझा रक्तदाब, तुझ्या सौभाग्यवतीचा गुडघा आणि तुमच्या गॅलरीतला मोगरा, तिघांची खुशाली कळवावी. ती व्हॉट्सअॅपवर अंगठा दाखवून कळवू नये. अंगठ्यावरून मोगरा जगला की गेला ते समजत नाही. म्हणून हे पत्र पोस्टाने पाठवते आहे, म्हणजे तुला उत्तर लिहावं लागेल.

पत्राला विशेष कारण नाही. केवळ माहितीसाठी लिहिते की मी व्हिडिओ एडिटिंगसाठी सुटे भाग निवडून संगणक जुळवून घेतला. सल्ला नको आहे. तुझ्या भाऊजींच्या डोळ्यांचं तुला फोनवर सांगितलंच होतं. कडेचं दिसतं, मधलंच पुसलं जातं. दार दिसतं, दारात कोण उभं आहे ते दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, मोठ्या पडद्यावर चेहरे अजून काही महिने ओळखू येतील, पुढचं सांगता येत नाही. ज्या माणसाने तीस वर्षं अर्ध्या तालुक्याची लग्नं शूट केली, त्याच्या बाबतीत हे व्हावं याचा मला फार राग आला, पण डॉक्टरांवर रागावून उपयोग नव्हता (तरी थोडी रागावले). घरी येऊन कपाटातल्या आपल्या घरच्या कॅसेटी काढल्या. एकसष्ट निघाल्या. दिवाळीत तुझ्या भाऊजींना सत्तर पूर्ण होतात. त्याआधी या सगळ्यांतून दोन तासांची एक फिल्म करून त्यांच्यापुढे लावायची, असं ठरवलं. जुन्या संगणकाने तिसऱ्या कॅसेटलाच मान टाकली. नवा कसा घ्यावा हे घाटंजीत नेमकं सांगू शकेल असा एकच माणूस होता, आणि त्यालाच कळू द्यायचं नव्हतं.

तुला ठाऊक आहे, मी बावीस वर्षं शाळेचं गॅदरिंग घेतलं आणि एकदाही पडदा उशिरा उघडला नाही. त्याचं कारण समित्या. मंडप समितीने मंडप पाहावा, अल्पोपाहार समितीने चिवडा पाहावा, आणि कोणीही दुसऱ्याच्या कामात नाक खुपसू नये. इथेही तेच केलं. प्रोसेसर दिला कहकशांला. ती माझी विद्यार्थिनी, आता यवतमाळला ज्युनिअर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. पॉवर सप्लाय आणि थंड ठेवण्याची व्यवस्था दिली जब्बारला. तोही माझा विद्यार्थी, ट्रॅक्टर दुरुस्त करतो. (गणितात दोनदा नापास, पण त्याने उघडलेलं इंजिन बंद होताना एक नटही उरत नाही.) कॅबिनेट म्हणजे बाहेरची पेटी दिली पिंटूला, वय बावन्न, मंडप आणि रोषणाईवाला. राहिला मदरबोर्ड. तो माझ्या जाऊबाईंनी, तानाबाईंनी, मागून घेतला. सगळ्यांना काम आहे आणि आपल्यालाच नाही, हे त्यांना सहन होत नाही. ग्राफिक्स कार्ड, रॅम वगैरे अध्यक्ष या नात्याने माझ्याकडे. गुप्ततेसाठी मी नियम घालून दिला की कोणीही कोणाशी या विषयावर बोलायचं नाही. समित्यांनी तो शिक्षकांनी कधी पाळला नसेल इतका कडक पाळला. ग्राफिक्स कार्ड मी तीन आठवडे तुरीच्या कोठीत लपवलं होतं. तेवढे दिवस आमच्याकडे मुगाचंच वरण होतं आणि हे काही बोलले नाहीत.

बाजाराच्या दिवशी पिशवी घेऊन निघाले आणि जब्बारच्या गॅरेजवर सभा बोलावली. ताडपत्रीवर सगळे भाग मांडले. पिंटूची पेटी पुढून काचेची, आत सात रंगांचे दिवे, हळदीच्या कार्यक्रमाला शोभावी अशी, आणि आकाराने शिलाई मशीनच्या झाकणाएवढी. टेबलावर सुटसुटीत दिसते, म्हणाला. जब्बारने पाण्यावर चालणारा कूलर आणला होता. त्याचा रेडिएटर पिंटूच्या पेटीहून लांब. इंजन गरम झालं का खेल खतम, एवढंच त्याचं म्हणणं. तानाबाईंनी यवतमाळच्या दुकानात सगळे मदरबोर्ड काउंटरवर मांडायला लावून सर्वांत जास्त खाचांचा निवडला होता. घर घ्यायचं तर खोल्या पाहून घ्यावं, हा त्यांचा विचार, आणि तो चूक आहे असं मी अजूनही म्हणणार नाही. मग कहकशांने डबी उघडून प्रोसेसर काढला, बोर्डाशी धरून पाहिला आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, मॅडम, हा एका कंपनीचा आहे आणि हा बोर्ड दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरसाठी आहे. मी म्हणाले, नीट लक्ष देऊन बसव. तिने माझ्याकडे पाहिलं. ती आठवीत असताना मी फळ्यावर गणित चुकवलं होतं, तेव्हाही तिने असंच पाहिलं होतं.

त्यानंतर माझं ग्राफिक्स कार्ड पेटीत घालून पाहिलं. ते चार बोटं बाहेर राहिलं. सगळे ताडपत्रीकडे पाहत उभे. मी विचारलं, एकमेकांना विचारून घ्यायला काय झालं होतं?

"बाई," तानाबाई म्हणाल्या, "कोनाले इचारायचं नाही, असं तुमीच त सांगतलं होतं."

मी पदर नीट केला आणि चहा सांगितला. (ही माझी चूक होती. तिथे म्हणाले नाही, तुला कळवते आहे. पुढे नेऊ नकोस.)

पुढचं थोडक्यात. तानाबाई आणि मी मदरबोर्ड बदलायला यवतमाळला गेलो. दुकानदार आधी नाही म्हणाला. तानाबाईंनी काही वाद घातला नाही. काउंटरपाशी खुर्ची ओढली, भाकरीचं फडकं सोडलं आणि त्यालाही विचारलं, ठेचा चालतो का. अर्ध्या भाकरीत बोर्ड बदलून मिळाला. जब्बारने पिंटूची पेटी मागून ग्राइंडरने कापली. पिंटू तोंड फिरवून उभा होता. आता कार्डाचं टोक मागून बाहेर येतं आणि रेडिएटर बाजूला पट्टीने बांधलेला आहे. संगणक पंप बसवलेल्या देव्हाऱ्यासारखा दिसतो, पण चालतो. मी तो आमच्या लेकीच्या, सोनूच्या, जुन्या खोलीत ठेवला आणि यांना सांगितलं, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची यादी करते आहे. त्यांनी दारातूनच थोडा वेळ आवाज ऐकला. म्हणाले, "यादीले एवढा मोठा पंखा कायले लागते?" मी म्हणाले, विद्यार्थी पुष्कळ आहेत.

एकसष्टही कॅसेटी पाहून झाल्या. सोनूचं पहिलं पाऊल आहे, तानाबाईंची नवी बैलजोडी आहे, तू पोहायला शिकताना बुडतोस तेही आहे. हे मात्र कुठेच नाहीत. कुठे खोकला आहे, कुठे भिंतीवर सावली, आणि प्रत्येक कॅसेटमध्ये कॅमेऱ्यामागून तेच एक वाक्य: "मॅडम, जरासक हासा." मी एकदाही हसलेली नाही. एकसष्ट कॅसेटींत एकदाही. बाकी सर्व क्षेम.

तुझी,
ताई

ता. क. संगणक उत्तम चालतो. कसलीही मदत नको.

ता. क. बासष्टावी कॅसेट तुझ्याकडे आहे. सोनूच्या साखरपुड्याला हे मुलीचे वडील म्हणून पाटावर बसले होते, तेव्हा कॅमेरा तुझ्या हातात दिला होता. तू अंगठी सोडून आचाऱ्याची जिलेबी शूट करत बसलास आणि मी व्याह्यांसमोर म्हणाले, तुला आयुष्यात एक काम धड जमलं नाही. तू कॅमेरा बंदही न करता उभा राहिलास, नंतर कॅसेट खिशात घालून गेलास, आणि त्यानंतर या घरी फक्त फोन आले. एकोणीस वर्षं झाली. त्या कॅसेटमध्ये माझं चौदा मिनिटांचं बोलणं असेल. पण मला पक्कं आठवतं, माझ्या मागे हे पाटावर बसून पोट धरून हसत होते. यांचं तेवढंच चित्रण या जगात आहे. तू काढलेलं. ती घेऊन ये. कुरिअरवर माझा विश्वास नाही (हे कारण पुरेसं आहे, दुसरं शोधू नकोस). जिलेबीसकट एक सेकंदही कापणार नाही.

ता. क. पाकीट बंद केलं होतं, ते पुन्हा उघडलं. हे झोपाळ्यावरून आत्ता म्हणाले, "सदाशिवले लिहा, कॅसेट उन्हात ठेवू नको म्हना आनतानी." मी त्यांना एका शब्दाने सांगितलेलं नाही. कोणत्या समितीतून बातमी फुटली याची चौकशी मी करणार नाही. आज तुरीचं वरण लावते आहे. तू दिवाळीची वाट पाहू नकोस.