बिनपगारी थैली

खंडूमामा,

रामराम. तुम्ही गेलात त्याला आज बावीस दिवस झाले. तेराव्याला मी तुमच्या दारात येऊन बसलो, जेवलो आणि परत आलो. आज लिहायला बसलो, कारण परवा हिंगोलीहून डाक खात्याचा हुकूम आलाय. तुम्ही नाही म्हणून गावच्या डाकेची थैली तीन आठवडे तिकडंच पडून आहे, पण हा हुकूम पोहोचवायला मात्र सरकारला पगारी चपराशी सापडला!

हुकूम उर्दूत आहे, मी तुम्हाला मराठीत सांगतो. सरकारी थैली नोकरीत नसलेल्या माणसाच्या हाती कशी गेली, याचा जबाब मी आठ दिवसांत लिहून द्यायचा आहे. नोकरीत नसलेला माणूस म्हणजे तुम्ही. वीस वर्षं त्यांची थैली वाहिलीत, पण हुकमात तुमचं नावसुद्धा घातलेलं नाही.

जबाब मी लिहीनच. पण त्याआधी मला तुमच्याशी भांडायचं आहे, मामा. त्यांच्यावर जेवढा राग आहे तेवढाच तुमच्यावर आहे. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणोत.

दिवाळीनंतर खात्याचे साहेब दौऱ्यावर आले होते, आठवतं ना? मी जिथं पोरांना शिकवतो आणि डाकमुनशीचं कामही करतो, त्या शाळेच्या ओसरीवर खुर्ची टाकून त्यांनी सांगितलं, की खातं तोट्यात आहे. आपल्या कचेरीत विकल्या जाणाऱ्या तिकिटांतून थैली वाहणाऱ्या हरकाऱ्याचा पगारही निघत नाही, म्हणून आजपासून हरकारा बंद. कचेरी राहील, थैली गावानं आपल्या सोयीनं आणावी. हे सगळं तोंडी, कागदावर काही नाही. तुमचा बिल्ल्याचा पट्टा आणि घुंगरांची काठी त्यांनी जमा करून घेतली आणि तुम्ही त्यांना वाकून सलाम केलात. का केलात?

आपल्याकडं तिकिटं खपत नाहीत, हे खरं. पण आपली माणसं गिरण्यांत, रेल्वेवर, हैदराबादला. पत्रं तिकडून येतात, तिकीट तिकडं विकलं जातं. इथून धाडायचं तर लोक बैरंगच टाकतात, तिकीट न लावता, म्हणजे दाम घेणाऱ्यानं भरायचा. पैसे वसूल करायचे असले की डाकवाला माणूस शोधून काढतोच, अशी सगळ्या गावाची खात्री. साहेबांना हे सांगितलं तर ते हसले. मग मी विचारलं, पोलिसांचं ठाणं वर्षाला किती कमावतं? त्यावर ते हसले नाहीत. साहेबांचा तंबू, आचारी आणि दोन बैलगाड्या कुठल्या तिकिटांवर चालतात, हे विचारायचं राहून गेलं. त्याची चुटपुट अजून आहे.

पण पुढचं सगळं तुमच्यामुळं बिघडलं. शेवटचा पगार घ्यायला तुम्ही हिंगोलीला गेलात आणि तिथला कारकून म्हणाला, "गावाकडंच चालला न? मंग थैली घेऊन जाय." तुम्ही घेऊन आलात! पुढच्या आठवड्यात तर आपणहून गेलात. जाऊन येऊन सोळा कोस, आणि कशासाठी? काठी गेली म्हणून बैलाच्या गळ्यातले घुंगरू सोडून आपल्या काठीला बांधलेत, कारण बायका आवाज ऐकून दारात येतात. गावानं कौतुक केलं. कुणी भाकरी दिली, कुणी जुनं धोतर दिलं. पण तुमचा पगार सुरू करा असा अर्ज लिहून मी अंगठे घ्यायला घरोघर हिंडलो, तेव्हा लोक म्हणायला लागले, की थैली तर येऊनच राहिली, मग अर्ज कशाला?

माघात मी तुम्हाला शाळेत बसवून सांगितलं, की आता थांबा. चार आठवडे थैली येऊ देऊ नका. गाव ओरडेल, मग सरकारला ऐकू जाईल. तुम्ही चप्पल झटकत म्हणालात, "पाय माहेच हायत, मास्तर. त्याह्यला काय पगार लागतो? लोकाइचे कागद तिकडं पडून राहिले तं मला जेवण गोड लागत न्हाई."

मी हट्ट सोडला. हट्ट सोडायला आणखी एक कारण होतं, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. थैली येत होती म्हणून माझा डाकमुनशीचा भत्ता चालू होता. सहा महिने मी तुमच्या पायांवर खाल्लं, मामा. तुम्ही थांबावं असं मला वाटत होतं, पण फार जोर लावून वाटत नव्हतं.

चैत्रात अर्जाचं उत्तर आलं, तेही तुम्हीच थैलीतून आणलंत. तपासात डाक नियमित पोहोचत असल्याचं दिसून आलं, सबब खर्च मंजूर करण्याचं कारण नाही. मी वाचून दाखवलं तर तुम्ही म्हणालात, "म्हंजी काम बराबर होऊन राहिलं, म्हणतेत." आणि खूश झालात. खूश! त्या दिवशी मला तुमची काठी मोडून चुलीत घालावीशी वाटली होती.

वैशाखात औंढ्याच्या माळावर भर दुपारी तुम्ही कडुलिंबाखाली टेकलात ते उठलाच नाहीत. एका गाडीवानानं पाहिलं तेव्हा थैली तुमच्या डोक्याखाली होती, लाखेची मोहर जशीच्या तशी. हिंगोलीहून खात्याचा माणूस धावत आला, तो थैली तपासायला. मामींच्या वतीनं मी मदतीचा अर्ज केला, त्याचं उत्तर परवाच्याच हुकमात शेवटी आहे. मयत त्या दिवशी नोकर नव्हता. म्हणजे पगार मागितला तेव्हा डाक पोहोचत होती, आणि तुम्ही मेलात तेव्हा ती पोहोचवणारा कोणीच नव्हता.

काल पारावर बैठक झाली. ठरलं काय, तर दर आठवड्याला एका घरानं माणूस पाठवायचा, पाळीनं, तुमच्या नावानं. मला पाळ्यांची यादी करायला सांगितली. मी नाही म्हणालो. फुकट आणलेली थैली मी उघडणारही नाही, असंही सांगितलं. पाटील म्हणाले, "काहून अडून राहिलात, मास्तर? खंडूनं केलं, तसं आमी बी करू." तेव्हापासून गावात मला कोणी रामराम घालत नाही.

घरातही तेच. आमची शांता हैदराबादला आहे, तिचे दिवस भरलेत. पहिल्या खेपेला मूल गेलं आणि तीही जाता जाता राहिली; ते पत्र तुम्हीच आणलं होतं. या खेपेचं पत्र बहुतेक हिंगोलीच्या त्या थैलीत आहे. तिची आई म्हणते, दुसरं काही नको, आपलं तेवढं एक पत्र घेऊन या. जायला काय, मी आजही निघेन. पण एकट्या माझ्या लेकीचं आणू आणि बाकीच्यांची तिथंच ठेवू? आणि सगळी आणली, तर त्याच दिवशी कुणीतरी पुन्हा लिहील, की डाक नियमित पोहोचते.

जबाबात मी खरं तेच लिहिणार आहे. थैली मी घेतली, सही मी केली, भत्ता मी खाल्ला, आणि इथून पुढचा नको. तुम्हाला शब्द देतो मामा, की पगारी माणसाच्या खांद्यावर आल्याशिवाय या शाळेत थैली उघडली जाणार नाही. शांता सुखरूप सुटली की नाही, हे तोवर मला कळणार नाही.

तुमचा,
शंकर मास्तर