रिकाम्या समितीपुढचं अपील

लातूर, गुरुवार

प्रिय सौदामिनी,

रविवारी तुझा फोन झाल्यापासून लिहीन लिहीन म्हणतोय. फोनवर तुझी आई शेजारी असते, बोलता येत नाही. जिनिव्हातली नोकरी सोडावीशी वाटते म्हणालीस. तीन वर्षं एका लहानशा देशाची बाजू मांडलीस, जागतिक व्यापार संघटनेत निकाल तुमच्या बाजूनं लागला, आणि समोरच्या मोठ्या देशानं अपील करून टाकलं. ते ऐकायला न्यायाधीशच नाहीत, नेमणुका वर्षानुवर्षं अडवून ठेवल्यात. अपील पडून, म्हणून निकालही पडून. दिवाळीला आली होतीस तेव्हा आपल्या डाळ मिलच्या ओट्यावर बसून तू हे मला समजावलं होतंस. मी लई लक्ष देऊन ऐकलं होतं.

इकडे यंदा बाहेरचा पिवळा वाटाणा स्वस्तात आला आणि तुरीचा भाव बसला. बऱ्याच मिली दोन पाळ्यांवरून एका पाळीवर आल्या. शिरूर अनंतपाळकडच्या तुळजाबाईंची तूर इथल्या एका मिलवाल्यानं पेरणीच्या वेळीच भाव लिहून देऊन ठरवली होती. माल आला तोवर बाजार पडलेला. दाण्यात ओल जास्त आहे असं सांगून त्यानं भाव कापला. ओल नव्हती. बाई बाजाराच्या तक्रार समितीकडे गेल्या, समितीनं दाणा तपासला आणि निकाल त्यांच्या बाजूनं दिला.

मिलवाल्यानं वरच्या समितीकडे अपील केलं. तिची मुदत संपून दीड वर्ष झालंय, नवे सभासद कुणी नेमले नाहीत, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. बाई दर सोमवारी एसटीनं यायच्या, कारकुनाला विचारायच्या, तारीख नाही असं ऐकून परत जायच्या. असे सात सोमवार गेले. शेवटच्या सोमवारी त्या मिलच्या फाटकाशी येऊन थांबल्या. भांडल्या नाहीत. "म्या खोटं बोलले न्हाई, एवढं तरी कुनी म्हना," एवढंच म्हणाल्या.

आणि रविवारी तू थकल्या आवाजात म्हणालीस, "आप्पा, हरल्यावर अपील केल्याचा राग नाही. तिथं कुणी बसलेलं नाही हे माहीत असून करतात, त्याचा शीण येतो." मी फोन आईकडे दिला.

तो मिलवाला मी आहे, सौदामिनी. ती वाट मला तुझ्याकडूनच कळली होती. मिल चालवायची तर असं करावंच लागतं, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो. काल अपील मागं घेतलं आणि बाईंच्या घरी जाऊन ठरल्याप्रमाणे पुरा भाव दिला. त्यांनी पाणी दिलं. पैसे न मोजताच बाजूला ठेवले आणि म्हणाल्या, "ओल नव्हती, असं कागदावर लिवा." लिहून दिलं, खाली सही केली. तुझ्या आईला अजून काही बोललो नाही. नोकरी धर की सोड, यावर सल्ला द्यायला मला तोंड नाही. तू ज्यांच्याशी भांडून थकलीस त्यांच्यातला एक तुझ्या घरातच होता, हे तुला बाजारातल्या दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून हे पत्र. राग आला तर येऊ दे. उत्तराची घाई नाही.

तुझाच,
आप्पा