मरोळच्या भट्टीबद्दल

ती. आईंना नमस्कार,

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. तरी लिहितेय, कारण फोनवर तुमच्याशी खोटं बोलून दमले.

दोष माझ्यात नाही, आई. नितेशचे शुक्राणू फार कमी आहेत. अंधेरीच्या डॉक्टरांनी त्याला विचारलं, "काम काय करता?" तो म्हणाला, "मरोळला, ओतकामाच्या भट्टीवर." ते म्हणाले, "इतकी वर्षं ती उष्णता, तो धूर. त्यानंही असं होऊ शकतं. काम बदलून बघा."

बाहेर आल्यावर तुमचा मुलगा जिन्यातच बसला आणि रडला. "आईला सांगू नको गं. बाबा गेल्यावर तिनंच मला तिथे चिकटवलं. ती स्वतःला दोष देत बसेल." मी शब्द दिला. म्हणून गावात तुम्ही मला वांझ म्हणालात, तेव्हाही गप्प राहिले.

काल तुम्ही त्याला फोनवर म्हणालात, "तिका सोड, दुसरी बगूया." फोन स्पीकरवर होता. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. आता तरी हा खरं सांगेल, निदान "नको" म्हणेल, असं वाटलं.

तो म्हणाला, "बघू, आई."

अजून तरी तुमची सून,
श्रुतिका