नाताळ यंदा नोव्हेंबरात

सांगली, ७ नोव्हेंबर १९८९

तीर्थरूप आईस,
एस्तेरचा सलाम.

मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. आमच्या हॉस्पिटलात यंदा डिसेंबरची रजा कुणाही नर्सला मिळणार नाही. म्हणून नाताळाचं जेवण आपण याच महिन्याच्या शेवटच्या रविवारी करू. तू म्हणशील, एवढी घाई कसली? मला धीर नाही, असं समज. चर्चच्या पाळकसाहेबांना मी लिहिलं आहे, ते रागावणार नाहीत.

भरताची वांगी बाजारात आली असतील. कपाशी अजून शेतात उभी, तेव्हा वांगी भाजायला मागल्या वर्षीच्या काड्या काढाव्या लागतील. तू उठू नकोस, शमुभाऊ काढेल. खापरावरच्या पुरणपोळ्या वहिनी करेल. जाड झाल्या तरी तिला बोलू नकोस हं. तू नुसती खाटेवरून सांगत राहा.

भाऊने लिहिलं, तुला आता पेजच तेवढी गिळता येते. पोळी मी दुधात कुस्करून भरवीन. आबा रात्री झोपतात ना?

डिसेंबरात कशीही रजा काढते, तेव्हा पुन्हा करू. भरीत मात्र तुझ्या हातचं.

उत्तर आबांच्या हातून नको. दोनच ओळी लिही, पण अक्षर तुझं हवं.

तुझी,
एस्तेर