अक्षता दुकानात ठेवत नाहीत

कारंजा लाड
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय ज्योत्स्ना,

नावाआधी सौ. लिहू की नको, यातच पहिला कागद वाया गेला. म्हणून आता नुसतं नाव लिहिलंय. तू आणि रेणू जिथे असाल तिथे खुशाल असाल, असं धरून चालते. रेणूला शाळेत घातलंस का? पहिलीचं वर्ष आहे, बुडू देऊ नकोस.

इकडे सगळं तसंच. कापसाच्या गाड्यांनी रस्ता अडलेला असतो. माझे गुडघे ऑफिसचा जिना चढताना बोलतात. मॅचच्या दिवशी नेट गेलं की लोक माझ्या जिवावर उठतात, जशी काही वायर मीच दातांनी तोडली. सोळा वर्षं केबलच्या ऑफिसात काउंटरवर बसून मला एवढंच कळलं, की माणसाचं पाणी गेलं तर तो वाट बघतो, नेट गेलं तर भांडायला येतो.

तुझं शिलाई मशीन लिलाबाईंच्या ओसरीत आहे. खोली सोडलीस तेव्हापासून घरमालकीण म्हणून त्याच सांभाळताहेत. परवा मी जाऊन त्याला तेल घातलं आणि वर जुनी चादर टाकून आले.

तू म्हणशील, ताई आज एवढ्या गोडीगुलाबीनं का लिहितेय. थांब, येते तिकडेच.

आमचं ऑफिस म्हणजे गावाचं पत्त्यांचं बाड. नवा पोस्टमन आला की आधी आमच्याकडे येतो. कुरिअरवाला येतो, सोयरीक बघणारे येतात, लग्नाच्या पत्रिका वाटणारे तर गठ्ठाच घेऊन बसतात. सगळ्यांना मी घरं सांगत आले. लोक म्हणायचे, “वैजयंतीताई, अख्खा गाव तुमच्या डोक्यात हाय.” मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

तू कनेक्शन घ्यायला आलीस तो दिवस मला लख्ख आठवतो. ब्लाउजचे नमुने बघायला नेट हवं म्हणालीस, पण लिलाबाईंच्या नावावर द्या म्हणालीस. मीच अडून बसले. जो वापरणार त्याचंच आधार, नियम म्हणजे नियम. मग तू तो फॉर्म पूर्ण वाचलास. सोळा वर्षांत फॉर्म वाचणारी तू एकटी. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून विचारलंस, “ताई, माहिती कोनाले देनार नाई, असं लिवलं हाय. खरंच ना?”

मी म्हटलं, “अवं, लिवलं हाय ना? मंग!” आणि शिक्का मारला.

तेव्हा तू हळूच सांगितलंस, की नवऱ्याला सोडून आलीस, आणि अमरदीपला तुझा ठाव लागला तर... वाक्य पुरं केलं नाहीस. नुसती बाही वर केलीस. मी ते वळ बघितले होते ज्योत्स्ना. न बघता चुकले असं मला म्हणता येत नाही.

आणि मग डिसेंबरातला तो शनिवार. तू ऑफिसात आलीस, ओठ फुटलेला, रेणू कडेवर. सहा वर्षांची पोर, कडेवर मावत नव्हती, पण खाली उतरत नव्हती. अमरदीपनं तुला अंगणात ओढत आणलं, लिलाबाई आणि शेजारचे धावले म्हणून वाचलीस. तू विचारलंस, “माह्या सासूले पत्ता कोनं देला?”

मी म्हटलं, “कंपनीच्या कॉम्प्युटरातून फुटला असन. आजकाल सारंच फुटते.”

मग तुझी नजर सेवालालकडे गेली. तुझ्याकडे वायर ओढायला तोच आला होता, घर त्यालाच माहीत. तू त्याला नाही नाही ते बोललीस. तो हात जोडून म्हणत राहिला, “बाई, म्या नाई सांगतलं, लेकराची आन.” आमच्या मालकांनी, हरीओमशेठनी, त्याला उभ्या उभ्या कामावरून काढलं. बारा वर्षं खांबावर चढलेला माणूस, पकड आणि शिडी ठेवून गेला. मी पावत्यांचे कागद नीट करत बसले.

सेवालालनं नाही सांगितलं. मी सांगितलं.

त्याआधीचा गुरुवार होता, मार्गशीर्षातला. मला उपास होता. एक म्हातारी आली, नऊवारी लुगडं, हातात हळद लावलेली पत्रिका आणि अक्षतांची पुडी. म्हणाली, “मी ज्योत्स्नाची आत्या. पुतन्याचं लगन हाय. पोरीले आवतन द्याले आली, पन घर सापडून नाई राह्यलं.” मी म्हटलं, पत्रिका इथं ठेवा, मी पोचवते.

“अवं माय, अक्षता दुकानात ठेवत नाईत. माहेरचं आवतन पोरीच्या हातातच द्या लागते.” असं म्हणून तिनं मला कुंकू लावलं.

मार्गशीर्षातला गुरुवार, दारात अक्षता घेऊन आलेली सवाष्ण. तिला माघारी पाठवायचं माझ्यानं झालं नाही. उलट मला आनंद झाला गं. वाटलं, माहेर परत बोलावतंय, पोरीचे दिवस फिरले. गल्ली, लिलाबाईंचं नाव, तुझा नंबर, सगळं कॉम्प्युटरवरून कागदावर उतरवून दिलं. मोठ्या अक्षरात लिहिलं, म्हातारीला नीट दिसावं म्हणून.

तुला एक फोन लावायला किती वेळ लागला असता? नंबर समोरच होता. पण आत्या म्हणतेय, कुंकू लावतेय, तिची खातरजमा करायची म्हणजे मलाच ओशाळल्यासारखं झालं.

लिलाबाई नंतर म्हणाल्या, ती फाटकापाशी आली, आत डोकावली आणि पत्रिका न देताच गेली. पण ती सासू होती, हे मला तुझ्या तोंडूनच कळलं. त्याच क्षणी सांगायला हवं होतं. मी घाबरले. नोकरी जाईल म्हणून नाही. तू माझ्याकडे बघशील म्हणून.

गेल्या सोमवारी हरीओमशेठना सांगितलं. ते म्हणाले, “जाऊ द्या ताई, तुमी का मुद्दाम केलं?” सेवालालला मात्र परत बोलावलं. तो आला. माझ्याशी बोलत नाही. कामाचे कागद माझ्या टेबलावर न ठेवता शेठच्या टेबलावर ठेवतो. मला कोणी काढलं नाही. काढलं असतं तर बरं वाटलं असतं.

परवा एक गृहस्थ पत्रिका घेऊन आले. मी म्हटलं, ज्यांचं घर हवंय त्यांना फोन लावते, ते हो म्हणाले तरच सांगते. “काहून? मी का चोर हाय?” म्हणून तरातरा जिना उतरले. आता गावात म्हणतात, वैजयंतीला ग चढला. चढू दे. हे शहाणपण तुझा ओठ फुटायच्या आधी यायला हवं होतं. थकले गं मी.

मला माफ कर. मागायचा हक्क नाही, तरी मागते.

हे पत्र लिलाबाईंच्या हाती देतेय. त्यांनी विचारलं, “पत्ता लिवून घेता का?” मी नको म्हटलं. पाकीट कोरंच ठेवलंय. मशीनही त्याच धाडतील. कुठे आणि कसं, ते मी विचारलं नाही.

शिव्या द्यायच्या असतील तर पोटभर लिही, मी एकेक वाचीन. पण पाकिटावर तुझा पत्ता घालू नकोस. मला कळू देऊ नकोस.

तू मला ताई म्हणायचीस. खाली नुसतं नाव लिहितेय.

वैजयंती