काचेच्या गोधडीतलं वाकडं ठिगळ

पुणे

माय,
तुह्या पायावर डोकं ठेवते.

माह्यं बरं हाये, जेवण वेळेवर होते. पण डोकं लय तापलं हाये.

इथल्या हॉटेलाच्या भिंतीवर मी तुह्या गोधडीसारखीच रंगीत काचेची गोधडी जडवली. नजर लागू नये म्हणून तू एक ठिगळ मुद्दाम वाकडं लावते ना, तसाच एक काळा तुकडा वाकडा बसवला. मालकानं मले इचारलं बी नाही. तुकडा उपटला, तिथं निळा सरळ लावला अन् म्हणे, "हातात सफाई नाही, गावठी काम." तुह्या हाताले नाव ठेवते मेला!

आबाच्या गुडघ्याचं तेल मोताळ्याच्या बाजारात भेटलं का?

काळा तुकडा मी कचऱ्यातून उचलून आणला. आता हात जोडत आला तरी देत नाही. लागू दे त्याच्या भिंतीले नजर!

तुही,
जयमाला